मेक्सिको नगरीच्या गाभ्यातील माफक संसार

मध्यम उत्पन्नाच्या माणसाने महानगराच्या ऐन मध्यभागी राहावे, कचेरी, बाजार आणि ग्रंथालय या तिन्ही ठिकाणी पायी जावे, दोन वेळा समाधानाने जेवावे आणि तरीही महिनाअखेर कोणाचे देणे डोक्यावर राहू नये, ही अपेक्षा आज जगातील बहुतेक राजधान्यांत अवास्तव ठरली आहे. परंतु मेक्सिको शहराच्या ज्या पुरातन गाभ्यास तेथील लोक नुसते 'सेंत्रो' म्हणतात, तेथे ती अद्याप सर्वस्वी मावळलेली नाही. जिन्नस स्वस्त असणे हे याचे एक कारण झाले, पण ते दुय्यम होय. खासगी संसारात जे जे अपुरे पडते, ते ते भरून काढणाऱ्या सार्वजनिक व्यवस्था या गाभ्यात एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत, आणि त्यांतील बहुतेकींचे दार अल्प मोलाने किंवा विनामूल्य उघडते, हे मुख्य कारण आहे.

इ. स. १३२५ च्या सुमारास सरोवरातील बेटावर वसलेले अझ्टेकांचे तेनोच्तित्लान १५२१ मध्ये स्पॅनिशांनी उद्ध्वस्त केले आणि त्याच जागी, त्याच मंदिरांचे दगड वापरून, सरळ काटकोनी रस्त्यांचे नवे शहर आखले. सुमारे नऊ चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशाला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सोकालो नावाचा विस्तीर्ण चौक, त्याच्या एका अंगाला राष्ट्रीय प्रासाद, दुसऱ्या अंगाला महामंदिरासारखे भव्य कॅथीड्रल आणि जवळच १९७८ साली वीज कंपनीच्या कामगारांना खोदकामात सापडलेल्या चंद्रदेवतेच्या शिळेमुळे प्रकाशात आलेले अझ्टेकांचे मुख्य देवालय, हे सारे पर्यटकांच्या परिचयाचे आहे. मला येथे सांगायचे आहे ते या वास्तूंच्या मागील गल्ल्यांत बिऱ्हाड करून राहणाऱ्या लोकांविषयी.

२०२५ साली मेक्सिकोत किमान वेतन दिवसाला २७८.८० पेसो होते. पेसोचा भाव चार-पाच रुपये धरला, तर ही रक्कम साधारणपणे बाराशे-तेराशे रुपयांच्या घरात जाते. एवढ्या एकाच वेतनावर शहराच्या मध्यभागी कुटुंब पोसणे दुर्घट आहे, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. याच्या दुप्पट-तिप्पट मिळविणारा शिक्षक, कारकून, दुकानातील नोकर किंवा निवृत्त मनुष्य माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याच्या मदतीला प्रथम निसर्ग धावून येतो. हे शहर जवळजवळ मुंबईच्याच अक्षांशावर असले, तरी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे ना पंख्याची निकड, ना शेगडीची. हिवाळ्याच्या रात्री एक जाड घोंगडी पुरते, आणि उन्हाळ्याची काहिली वाढू लागते न लागते तोच पावसाळा सुरू होतो. थंड देशांतील गृहस्थाच्या मिळकतीचा जो भाग उष्णतेच्या खर्चात जातो, तो येथे शिल्लक राहतो.

राहण्याची व्यवस्था समजून घ्यावयाची, तर 'वेसिन्दाद' पाहिली पाहिजे. पुण्यातील एखाद्या सरदाराच्या वाड्यात कालांतराने चौकाभोवती भाडेकऱ्यांची बिऱ्हाडे भरावीत, त्याचप्रमाणे स्पॅनिश उमरावांच्या आणि मठांच्या लालसर ज्वालामुखी दगडांच्या हवेल्यांत, धनिकांनी पश्चिमेकडील नव्या वस्त्यांत स्थलांतर केल्यावर, एकेका खोलीत एकेक कुटुंब येऊन राहिले. चौकात सामाईक नळ, कपडे धुण्याचे ओटे, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे आणि कोपऱ्यात दिवा लावलेली ग्वादालुपे मातेची मूर्ती. १९४२ मध्ये युद्धकालीन फर्मानाने येथील भाडी गोठविण्यात आली आणि १९४८ च्या फर्मानाने तो निर्बंध पुढे चालू राहिला. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढील कथा निराळी सांगावयास नको: गरिबाला डोक्यावर छप्पर मिळाले, आणि त्या छपराची डागडुजी करण्यात मालकाला स्वारस्य उरले नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुइस यांनी तेपितो भागातील अशाच एका वेसिन्दादीतील कुटुंबावर १९६१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करून हे दारिद्र्य जगापुढे मांडले.

१९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाने या जीर्ण इमारतींपैकी अनेक जमीनदोस्त केल्या. त्या वेळी रहिवाशांनी जे केले, ते माझ्या मते या शहराच्या अर्वाचीन इतिहासातील अत्यंत गौरवास्पद कृत्य होय. दूरच्या उपनगरात जमीन देऊ, तेथे जा, हा पर्याय त्यांनी साफ नाकारला. पडलेल्या घरासमोरच्या रस्त्यावर तंबू ठोकून त्यांनी मागणी धरून ठेवली की, आमचे घर जेथे होते तेथेच बांधून मिळाले पाहिजे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारने हजारो मिळकती ताब्यात घेण्याचे फर्मान काढले आणि पुढील दोन वर्षांच्या आतच चाळीस हजारांहून अधिक घरे मूळ जागी उभी राहिली. प्रत्येक घर सुमारे चाळीस चौरस मीटरांचे; दोन निजण्याच्या खोल्या, बसण्याची जागा, स्वयंपाकघर, स्वतंत्र न्हाणीघर, आणि मध्ये जुना सामाईक चौक तसाच राखलेला. भडक रंगांच्या त्या इमारती आजही सेंत्रोच्या उत्तरेस आणि पूर्वेस दिसतात, आणि मध्यभागी साध्या माणसांची वस्ती टिकून आहे ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच.

घर लहान असले की स्वयंपाकघरही लहान असते, आणि येथे शहर गृहिणीच्या साहाय्यास येते. सकाळी कोपऱ्यावर वाफाळलेल्या पिंपातून तामाल काढून देणारी बाई उभी असते. मक्याच्या भिजविलेल्या पिठात चरबी घालून, आत मांस किंवा मिरची भरून आणि कणसाच्या सालीत गुंडाळून उकडलेला तो पदार्थ पावात घालून खाल्ला आणि बरोबर आतोले हे मक्याचेच ऊन पेय घेतले, म्हणजे दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाही. दिवसाचे मुख्य भोजन दुपारी दोननंतरचे. ते 'फोंदा' नावाच्या छोट्या खाणावळीत घ्यावे. तेथील ठराविक भोजनास 'कोमिदा कोरिदा' म्हणतात: प्रथम पातळ सूप, मग भात किंवा शेवया, त्यानंतर रस्सा वा परतलेले मांस यांपैकी त्या दिवशी जे शिजले असेल ते, सोबत काळ्या घेवड्याची उसळ, लागतील तितक्या तोर्तिया, आणि लाल अंबाडीच्या बोंडांचे किंवा एखाद्या फळाचे गोड पाणी. एवढ्याला शंभर पेसोंच्या आत-बाहेर पडतात. अनोळखी माणसे एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून जेवतात आणि उठून जाणारा मागे राहिलेल्या सर्वांना 'प्रोव्हेचो' असे म्हणून त्यांच्या भोजनसुखाची कामना करतो. स्वस्त अन्न अपमानित होऊन खावे लागू नये, ही गोष्ट मला किमतीहून मोलाची वाटते.

घरी शिजवणाऱ्याला तर तोर्तियाची गिरणी प्रत्येक दोन-तीन गल्ल्यांमागे सापडते. किलोला वीस-पंचवीस पेसो देऊन, घरून नेलेल्या फडक्यात गरम चळत गुंडाळून आणावयाची. या भाकरीमागे सहस्रावधी वर्षांचे ज्ञान आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरत ठेवतात आणि मग दळतात. त्यामुळे दाण्याचे टरफल सुटते, कॅल्शियम मिळते, आणि एरवी मक्यात अडकून राहणारे नायासिन हे जीवनसत्त्व शरीरास उपलब्ध होते. युरोपाने मका नेला पण ही क्रिया नेली नाही, आणि इटलीतील गरीब शेतकऱ्यांना पेलाग्रा या रोगाच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागली. तोर्तिया, घेवडा, मिरची आणि टोमॅटो एवढ्या चार जिनसांवर मेक्सिकोचा गरीब मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या तगला तो काही केवळ दैवावर नव्हे.

भाजीपाल्यासाठी १९५७ साली बांधलेली ला मेर्सेदची प्रचंड मंडई आहे, जेथे निवडुंगाची काटे काढलेली पाने, वाळलेल्या मिरच्यांच्या राशी, पेरू, चिकू आणि भोपळ्याची फुले घाऊक भावाच्या जवळपास मिळतात, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला विक्रेती वर एखादे लिंबू घालते. सोकालोच्या ईशान्येस असलेली आबेलार्दो रोद्रिगेस मंडई मला अधिक प्रिय आहे. १९३४ मध्ये उघडलेल्या या मंडईच्या भिंती दिएगो रिव्हेराच्या शिष्यांनी रंगविल्या, आणि आज कांदे-बटाटे घ्यायला गेलेला माणूस शेतमजुरांच्या पिळवणुकीची ती विशाल चित्रे मान वर करून पाहू शकतो.

ही गोष्ट योगायोगाने घडलेली नाही. क्रांतीनंतर १९२१ मध्ये शिक्षणमंत्री झालेल्या होसे वास्कोन्सेलोस यांनी चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती दिल्या, त्या कला संग्राहकाच्या दिवाणखान्यात अडकून पडू नये या हेतूने. शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या वास्तूत रिव्हेराने १९२३ ते १९२८ या काळात केलेली भित्तिचित्रे पाहण्यास आजही मूल्य पडत नाही. मराठी वाचकाने तेथे अवश्य जावे. कारण वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक आणि पुढे चापिंगोच्या कृषिविद्यालयात मक्याच्या वाणांवर संशोधन करणारे डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे रूप रिव्हेराने तेथील एका चित्रात, भाकरी वाटून घेणाऱ्या मंडळींमध्ये, रेखाटले असे सांगतात. रविवारी सरकारी पुराणवस्तुसंग्रहालये देशातील नागरिकांना आणि रहिवाशांना विनामूल्य खुली असतात. सियुदादेला या जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत १९४६ पासून मोठे सार्वजनिक ग्रंथालय आहे, आणि शेजारच्या चौकात शनिवारी वृद्ध जोडपी ठेवणीतील पोशाख करून दान्सोन नृत्य करतात. दोन्सेलेस रस्त्यावर जुन्या पुस्तकांची दुकाने ओळीने आहेत. सांतो दोमिंगोच्या कमानींखाली अर्ज टंकून देणारे लेखनिक अजून बसतात.

दूर जावयाचे झाल्यास १९६९ मध्ये सुरू झालेली मेट्रो आहे. तिचे तिकीट २०१३ पासून पाच पेसो आहे, अंतर कितीही असो. साठ वर्षांवरील माणसाला तेही द्यावे लागत नाही. अक्षरओळख नसणाऱ्यालाही उतरावयाचे ठिकाण कळावे म्हणून प्रत्येक स्थानकाला चित्ररूप चिन्ह आहे, आणि पिनो स्वारेस स्थानकात गाडी बदलताना खोदकामात सापडलेले वायुदेवतेचे अझ्टेक वेदीस्थान ओलांडून जावे लागते. गर्दीच्या वेळी डब्यात शिरणे मात्र कष्टाचे असते आणि खिसेकापूंचाही उपद्रव आहे.

उणिवा आणखीही आहेत. नळाचे पाणी कोणी पीत नाही. वीस लिटरांचे पाण्याचे हंडे विकत घ्यावे लागतात. सरोवरावर वसलेले हे शहर भूगर्भातील पाणी इतके उपसत आले की, त्यापायी त्याची जमीन खचली, भिंती कलल्या, आणि तरीही पुरेसे पाणी मिळेना म्हणून कुत्सामाला योजनेद्वारे ते डोंगरापलीकडून हजार मीटरांहून अधिक उंच चढवून आणावे लागते. २०१७ मध्ये, योगायोगाने १९ सप्टेंबरलाच, पुन्हा भूकंप झाला. भाड्याचे घर पाहणाऱ्याने खोलीच्या आकाराआधी भिंतीच्या तड्यांची चौकशी करावी.

भाडेकरारासाठी अनामत रकमेखेरीज बहुधा जामीनदार लागतो, आणि त्या जामीनदाराची त्याच शहरात स्वतःच्या नावावर मिळकत असावी लागते. खेड्यातून आलेल्या सुईणीने किंवा सुताराने असा आप्त कोठून आणावा? गेल्या काही वर्षांत परदेशी नोकरी संगणकावरून करणारे आणि डॉलरात कमावणारे लोक मोठ्या संख्येने या शहरात आले, घरे दिवसाच्या भाड्याने प्रवाशांना देण्याची प्रथा फोफावली, आणि जुलै २०२५ मध्ये वाढत्या भाड्यांविरुद्ध रोमा-कोन्देसा भागात मोर्चे निघाले. सेंत्रोतील स्वस्ताई ही तेथेच राहणाऱ्या माणसांच्या श्रमावर उभी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. फोंदा चालविणारी बाई दोन तासांच्या अंतरावर फेकली गेली, तर तिला पहाटे मंडई गाठून दुपारी दोनला शंभर पेसोंत जेवण वाढता येणार नाही, मग मेट्रोचे तिकीट कितीही स्वस्त राहो.

ऑगस्ट २०२४ मध्ये शहराच्या विधिमंडळाने नागरी संहितेत दुरुस्ती करून, घरभाड्याची वार्षिक वाढ मागील वर्षाच्या महागाईच्या दरापेक्षा अधिक असू नये असे बंधन घातले आणि करारांची सरकारदफ्तरी नोंद आवश्यक केली. गोठविलेल्या भाड्यांचा जुना अतिरेक टाळून केलेली ही तरतूद मला न्याय्य वाटते. आता तिची अंमलबजावणी काटेकोर झाली पाहिजे. तोंडी करारावर राहणाऱ्या हजारो बिऱ्हाडांपर्यंत ती पोहोचली नाही, तर सेंत्रोत केवळ वास्तूंचे जतन होईल.