जुने एस्प्रेसो मशीन घेताना: आधी तापवून पाहा, मग पैसे मोजा



कोजागिरीला आमच्या गच्चीवर मसाला दुधानंतर काही जणांना कॉफी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. "मशीन केवढ्याला पडले?", "जुने घेतले तर चालते का?", "मुलगा अमेरिकेहून येतो आहे, तिकडून आणायला सांगू का?" प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा मंडळाच्या या पानावर एकदाच लिहावे असे ठरवले.

आम्ही दोघे मूळचे इराणी चहावाले. हैदराबादेत वाढलेल्या माणसाचे दुसरे काय होणार? कॉफीची गोडी निवृत्तीनंतर लागली. घरी एस्प्रेसो करायचा तर नवे मशीन महाग वाटले, म्हणून जुने घेतले आणि पहिल्या खेपेला फसलो. म्हणून सुरुवात त्या चुकीपासूनच करतो.

२२,००० रुपयांचा धडा

एका बंद होणाऱ्या दुकानातून आम्ही इटालियन बनावटीचे घरगुती मशीन २२,००० रुपयांना घेतले. बाहेरून लख्ख होते. विक्रेत्याने बटण दाबले, लाल दिवा लागला, पंप घरघरला, नळीतून पाणी आले. दोन मिनिटांत आम्ही खूश. बँकेत उभ्या जन्मात गोदामात न जाता माल तारण घेतला नाही, आणि इथे नुसता दिवा बघून पैसे मोजले.

घरी आणून लावले. दहा मिनिटांत घरातली वीज गेली. ईएलसीबी पडला होता. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. दुकानात असे का झाले नाही? कारण तिथे मशीन तापूच दिले नव्हते, आणि तिथल्या वायरिंगला ईएलसीबी होता की नाही हेही आम्ही पाहिले नव्हते. मशीनच्या कॉइलचे आवरण खराब होऊन वीज बॉयलरच्या धातूत उतरत होती. आमचा पहिला विचार असा की ईएलसीबीच फार नाजूक आहे, तो वगळून थेट जोडणी करू. इलेक्ट्रिशियन पोरगा म्हणाला, "अंकल, ये ट्रिप हो रा सो अच्छा हो रा. इसकू नक्को निकालो." पाणी, वीज आणि धातूची पेटी एकत्र असलेल्या यंत्रात ती खटकी हेच आपले संरक्षण असते. त्या दिवशी आमचे ऐकले असते तर हा लेख लिहायला कदाचित आम्ही नसतो.

काही मॉडेलांत कॉइल बॉयलरच्या धातूतच ओतलेली असते. कॉइल गेली की अख्खा बॉयलर बदलावा लागतो. आमचे तेच होते. दुरुस्तीचा अंदाज ऐकून आम्ही मशीन भंगारात दिले.

एस्प्रेसो म्हणजे काय, थोडक्यात

आपल्या पितळी फिल्टरमध्ये पाणी स्वतःच्या वजनाने पुडीतून खाली उतरते. त्याला वेळ लागतो, म्हणून पूड जाडसर चालते. एस्प्रेसोत सुमारे ९० ते ९६ अंश तापमानाचे पाणी साधारण ९ बार दाबाने बारीक पुडीतून ढकलतात. आज बरेच लोक १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी काढतात. खोक्यावर १५ किंवा २० बार लिहिलेले असते, ती पंपाची कमाल ताकद. तो आकडा मोठा म्हणून कॉफी चांगली होत नाही, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

इटलीत आकिले गाज्जिया यांनी १९३८ साली या पद्धतीसाठी पेटंट अर्ज केला आणि १९६१ साली फाएमा कंपनीचे ई-६१ हे पंपाचे मशीन आले. ई-६१ चे डोके, म्हणजे जिथे दांड्याची वाटी बसते तो भाग, आजही अनेक कंपन्या त्याच धर्तीवर बनवतात. जुने घेणाऱ्याला याचा मोठा फायदा आहे. ज्या यंत्राची रचना साठ वर्षे टिकली, त्याचे रबर, चाळणी, व्हॉल्व्ह आजही मिळतात. गाज्जिया क्लासिक आणि रान्चिलिओ सिल्विया ही घरगुती मशीन नव्वदच्या दशकापासून चालत आली आहेत. दोन्हींची वाटी ५८ मिलिमीटरची, व्यापारी मशीनच्या मापाची. जुने घ्यायचे तर असे, ज्याला सुटे भाग मिळतात. नाव नसलेले स्वस्त मशीन बिघडले की त्याला वालीच नसतो.

आधी ग्राइंडर

सगळे जण मशीनचीच चौकशी करतात, पण कॉफीचे भवितव्य दळणात ठरते. पूड थोडी जाड झाली की पाणी भसकन निघून जाते आणि कॉफी आंबट, पातळ होते. फार बारीक झाली की थेंब थेंब पडते आणि कडू होते. तयार पूड आणून हे साधत नाही, कारण प्रत्येक नव्या बियांबरोबर दळण किंचित बदलावे लागते. मिक्सरच्या भांड्यात तर अर्धे पीठ आणि अर्धा रवा होतो.

ग्राइंडरमध्ये धातूची दोन दातेरी चक्रे असतात. सपाट प्रकार म्हणजे जात्याच्या दोन तळ्याच समजा. दुसऱ्या प्रकारात एक शंकू कड्याच्या आत फिरतो. जात्याला टाकी लावणारे पूर्वी दारावर येत. इथे टाकी लावता येत नाही, चक्रे नवी घालावी लागतात. म्हणून जुना ग्राइंडर घेताना वायर प्लगमधून काढून, वरचे चक्र उघडायला सांगा आणि दातांच्या कडेवरून बोट हलकेच फिरवा. कड बोटाला जाणवली पाहिजे. गुळगुळीत लागली किंवा कुठे टवका उडालेला दिसला, तर नव्या चक्रांची किंमत सौद्यातून वजा करा. त्या मॉडेलची चक्रे बाजारात मिळतात का, हे घरूनच विचारून निघा.

मग थोड्या बिया दळून पाहा. आपल्या बिया आपणच न्याव्यात. दळण बारीक करत नेल्यावर मोटर अडखळते का, माप एका जागी टिकते की कंपनाने सरकते, हे बघा. खवट तेलाचा वास आला तर घाबरू नका, तो साफसफाईने जातो.

आमचा सध्याचा ग्राइंडर एका बंद झालेल्या कॅफेतला आहे, ६४ मिलिमीटर सपाट चक्रांचा. धूड आहे, ओट्याचा कोपरा त्याने कायमचा बळकावला. पण कॅफेतली वस्तू दिवसभर राबायला बनवलेली असते, आपल्या चार कपांनी तिला काही होत नाही. मात्र कॅफेतले काही ग्राइंडर थ्री फेजवर चालतात. घरात सिंगल फेज असते. मागे चिकटवलेली पाटी वाचल्याशिवाय उचलू नका. कॅफेतले दोन डोक्यांचे मोठे मशीन स्वस्तात मिळते म्हणून मोहात पडू नका. त्याला बहुधा ३,००० वॉटहून जास्त वीज आणि स्वतंत्र पाण्याची लाइन लागते.

मशीन बघायला गेल्यावर

निदान पाऊण तास हाताशी ठेवून जा. विक्रेत्याला आधीच सांगा, "आम्ही येईपर्यंत मशीन सुरू करू नका." थंडपासून गरमपर्यंतचा सगळा प्रवास आपल्याला बघायचा आहे. क्रम असा ठेवा:

१. घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी आहे का ते पाहा आणि अर्थिंग असलेल्या प्लगलाच जोडायला सांगा. मशीन पूर्ण तापून २०-२५ मिनिटे झाली तरी तो पडला नाही, तर पहिली परीक्षा पास. अंगाला हात लागून झिणझिण्या आल्या तर तिथेच नमस्कार करून निघा.

२. वाटी काढून पंप चालू करा. पाणी चाळणीतून सगळीकडून सारखे पडावे. एकाच बाजूने धार येत असेल तर चाळणी तुंबली आहे. हे किरकोळ काम आहे.

३. वाटीत बिनछिद्राची चकती घालून पंप चालवा. पंपाचा आवाज जड होतो आणि कडेने पाणी येता कामा नये. आले तर रबर गेले. कुकरची रिंग कडक होते तसेच हे, आणि खर्चही मोठा नाही. पंप बंद करताच आतला दाब फुस्स करून खालच्या ताटलीत सुटला पाहिजे. न सुटल्यास त्या कामाचा व्हॉल्व्ह अडकला आहे. अशा वेळी वाटी ताबडतोब ओढून काढू नका, गरम पूड अंगावर उडते. काही स्वस्त मॉडेलांत हा व्हॉल्व्हच नसतो, ते आधी विचारून घ्या.

४. वाफेची नळी उघडा. सुरुवातीचे पाणी गेल्यावर कोरडी, जोरदार वाफ आली पाहिजे. सोबत अर्धा कप दूध न्या आणि तापवून बघा.

५. झाकण काढून टॉर्च मारा. सांध्यांवर पांढरे किंवा हिरवट थर दिसले तर तिथून पाणी झिरपत होते.

६. शेवटी कॉफी करून प्या. विक्रेता "आज बिया नाहीत" म्हणाला तर आपल्या पिशवीत आहेतच.

पाणी आणि वीज

आपल्याकडे बऱ्याच वसाहतींत बोअरचे पाणी येते. गिझरची कॉइल ज्यांनी कधी बाहेर काढलेली पाहिली आहे, त्यांना क्षारांचा तो दगडासारखा थर आठवत असेल. मशीनच्या बॉयलरमध्ये हेच होते. म्हणून विक्रेत्याला सहज विचारा, "पाणी कुठले वापरता? क्षार शेवटचे कधी काढले?" उत्तर चाचरत आले तर थर आहे असे धरून चला. सायट्रिक आम्लाच्या पाण्याने तो निघतो. पितळी बॉयलरला ते सोसते, ॲल्युमिनियमच्या बॉयलरमध्ये मात्र आम्ल फार वेळ राहू देऊ नये.

विजेचा हिशेब सोपा आहे. १,४०० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे सहा ॲम्पिअरच्या थोडे वर. तेव्हा साध्या ६ ॲम्पिअरच्या प्लगला लावू नका, १६ ॲम्पिअरचा पॉवर प्लग हवा.

आता अमेरिकेहून आणण्याविषयी. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० सायकलची, आपली २३० व्होल्ट आणि ५० सायकलची. तिकडचे मशीन इथे थेट लावले तर कॉइलवर साडेतीन पटींहून जास्त भार येतो, म्हणजे पहिलीच कॉफी शेवटची. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण १,४०० वॉटसाठी तो चांगलाच मोठा आणि जड घ्यावा लागतो. शिवाय तो व्होल्ट बदलतो, सायकल बदलत नाही, त्यामुळे पंप आणि मोटर तिकडच्यासारख्या चालत नाहीत. मुलाला सांगा, मशीन राहू दे, हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर आण. त्याला वीजच लागत नाही आणि तो बॅगेत मावतो.

किंमत कशी ठरवावी

बँकेत तारणावर मार्जिन ठेवून कर्ज देत असू. तोच नियम इथे लावतो. त्याच दर्जाचे नवे मशीन वॉरंटीसह ४०,०००ला मिळते असे समजा. जुन्यावर सगळे धरून आम्ही त्याच्या दोन-तृतीयांशाच्या वर जात नाही, म्हणजे सुमारे २६,६००. रबर, चाळणी, क्षार काढणे, मेकॅनिक आणि गाडीभाडे मिळून ४,००० लागणार असतील, तर विक्रेत्याला जास्तीत जास्त २२,५०० द्यायचे. तो २५,०००ला अडला तर चहा पिऊन परत यायचे. मूळ बिल असेल तर मागून घ्या, त्यावरून वय कळते.

आणि एक कळकळीची सूचना. "माझी बदली झाली, सामान बांधून तयार आहे, आधी टोकन पाठवा" असा निरोप आला की फोन ठेवा. वस्तू चालताना पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. उद्या तुम्ही स्वतः काही विकायला काढलेत तर हेही ध्यानात असू द्या: यूपीआयने पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. जो टाकायला सांगतो तो तुमच्या खात्यातून काढायला बसला आहे.

शेवटी

दुसऱ्या खेपेला आम्ही वरचा सगळा क्रम पाळला. एका घरी पाऊण तास बसलो, मशीन तापवले, आमच्याच बियांची कॉफी केली आणि त्या कुटुंबालाही पाजली. ते मशीन आज चौथ्या वर्षात आहे. आतापर्यंत एकदा रबर बदलले, एवढाच खर्च.

ज्यांना मशीन बघायला जायचे आहे पण एकट्याने जायची धास्ती वाटते, त्यांनी मंडळाच्या पुढच्या मासिक सभेत आम्हाला गाठावे. दोघांपैकी एक जण नक्की बरोबर येईल. बिनछिद्राची चकती आणि टॉर्च आमच्याकडे आहे. दूध तेवढे तुम्ही आणा.