कॉलेजात बास्केटबॉल खेळून पुढे काय होतं?

आजच्या भागाचा प्रश्न मालेहून आलाय. माले म्हणजे मुळशी तालुक्यातलं गाव, पौड ओलांडून ताम्हिणीकडे जाताना लागतं ते. तिथली एक श्रोती यंदा बारावीला आहे. शाळेत बास्केटबॉल खेळलीय, उंचीही बरी आहे. तिचा व्हॉइस मेसेज असा: "दादा, कॉलेजला गेल्यावर खेळत राहिले तर त्यातनं पुढे काही होतं का? घरचे विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही."

तर आजचा भाग तिच्यासाठी, आणि तिच्या घरच्यांसाठीही.

उत्तर आधी देतो. होतं. पण आपल्याकडे कॉलेज बास्केटबॉलचं करिअर म्हणजे बहुतेक वेळा खेळाच्या जोरावर मिळालेली सरकारी नोकरी. आणि ती मिळवायला हातात जेमतेम सहा-सात वर्षं असतात.

आपण मोबाईलवर बघतो ते अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल. तिथली मोठी विद्यापीठं चांगल्या खेळाडूची फी, राहणं, जेवण सगळं उचलतात. २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसेही घेता येतात. आपल्या बंगळुरूची संजना रमेश तिकडे नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाकडून खेळली, म्हणजे दार अगदीच बंद नाही. पण तिथेही गर्दी बघा. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये वर्षाला जास्तीत जास्त ६० खेळाडू निवडले जातात आणि कॉलेजात खेळणारे असतात हजारो. बरं, निवड झाली म्हणजे सगळं झालं असंही नाही. पंजाबच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलस मॅव्हेरिक्सनं ५२व्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएच्या हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

आता आपल्याकडची शिडी समजून घेऊ. समजा ही मुलगी मुळशीतल्याच कॉलेजला गेली. ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतं. खेळांसाठी या विद्यापीठाचे चार विभाग आहेत: पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक. आधी विभागातल्या कॉलेजांची स्पर्धा, मग चार विभागांची आपसात, आणि त्यातून विद्यापीठाचा संघ. तो संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. त्यावर २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा ही आणखी एक पायरी झालीय.

या शिडीला वयाची अट आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धा साधारण १७ ते २५ या वयातच खेळता येते, आणि तेही रीतसर विद्यार्थी असाल तर. म्हणजे पहिलं वर्ष "बघू, रुळू जरा" म्हणत घालवलं, तर एक हंगाम गेलाच समजा.

आता नोकरीकडे येऊ. या खेळात सगळ्यात मोठा आधार रेल्वेचा. तिच्या क्रीडा कोट्यातली खुली भरती १०० गुणांची असते. त्यातले ५० गुण आजवरच्या कामगिरीला, ४० मैदानावरच्या चाचणीला आणि फक्त १० शिक्षणाला. चाचणीत ४० पैकी किमान २५ मिळाले नाहीत तर पुढचा विषयच संपतो. वय १८ ते २५, आणि इथे वयात कुणालाही सवलत नाही. कामगिरीही ताजी लागते, जाहिरातीत दिलेल्या तारखेनंतरची. शाळेतल्या मेडलचं कौतुक घरात राहतं, तिथे त्याला गुण मिळत नाहीत. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतल्या पहिल्या तीन क्रमांकांना मात्र रेल्वेच्या नियमात जागा आहे. कॉलेज संघ आणि नोकरी यांचा धागा इथे जुळतो.

दुसरी वाट राज्य सरकारची. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पद जितकं वरचं, तितकी मोठ्या स्पर्धेतली कामगिरी लागते. आणि इथे कागद फार महत्त्वाचा. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र चालत नाही. स्पर्धा कुणी घेतली, त्या संघटनेला मान्यता आहे का, किती संघ उतरले होते, हे सगळं तपासतात. म्हणून क्रीडा विभागाच्या उपसंचालक कार्यालयातून प्रमाणपत्राची पडताळणी आधीच करून ठेवायची. अर्जाची शेवटची तारीख तोंडावर आल्यावर धावपळ करून ते होत नाही.

ही वाट किती लांब जाते? पुण्याची शिरीन लिमये बघा. २०१७ मध्ये बंगळुरूला महिलांच्या आशिया कपच्या 'ब' गटाची अंतिम लढत झाली. भारतानं कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या गटात गेला. त्या संघात शिरीन होती. पुढे तिनं देशाचं नेतृत्वही केलं. देशातल्या स्पर्धांमध्ये ती रेल्वेकडून खेळते. भारताची कर्णधार आणि तरीही हाताशी नोकरी, हे आपल्या बास्केटबॉलचं खरं चित्र आहे. म्हणून घरच्यांनी "खेळ की नोकरी?" असं विचारलं, तर सांगायचं की इथे दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत.

पण पुणे आणि माले यात फरक आहेच, तो लपवून चालणार नाही. कॉलेजं उघडतात जून-जुलैमध्ये आणि निवडीची तयारी करायची ती त्यानंतरच्या महिन्यांत. नेमका तेव्हाच मुळशीत पाऊस कोसळत असतो. ओल्या सिमेंटवर पाय मुरगळतो, चेंडू निसटतो. बालेवाडीसारखं छताखालचं कोर्ट गाठायचं तर एसटी किंवा पीएमपीचा लांबचा प्रवास. त्यामुळे मी तिला सुचवेन की कॉलेज निवडताना कोर्ट बघ, प्रशिक्षक रोज येतात का ते विचार, आणि मुलींचा संघ मागच्या वर्षी खरंच स्पर्धेत उतरला होता का याची खात्री कर. होस्टेल मिळत असेल तर उत्तम.

आणि गावात एक खांब, एक रिंग असेल तरी सराव होतो. थ्री बाय थ्री हा प्रकार अर्ध्या कोर्टवर, एकाच रिंगवर खेळतात. संघात तीन खेळाडू आणि एक राखीव. दहा मिनिटं किंवा २१ गुण, जे आधी होईल ते. टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. छोट्या जागेतून मोठा खेळाडू येतो हे मुंबईच्या नागपाड्यानं कधीच दाखवलंय. दाट वस्तीतल्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर घडलेले अब्बास मुन्तसिर भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

तर ताई, माझा हिशोब असा. पहिल्या वर्षी कॉलेजच्या संघात ये. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या निवड चाचणीपर्यंत पोच. तिसऱ्या वर्षापर्यंत विद्यापीठाची जर्सी अंगावर आली, तर घरच्यांकडे आणखी दोन वर्षं माग, पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घे आणि रेल्वेच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. नाही आली तरी पदवी हातात असेल. मग बी.पी.एड. करून क्रीडाशिक्षक होता येतं, पंचाची परीक्षा देता येते. मात्र डिग्री अर्धवट सोडून खेळू नकोस, कारण विद्यार्थी राहिलीस तरच विद्यापीठाकडून खेळता येईल.

हा भाग घरच्यांना ऐकव. त्यांचे आणखी प्रश्न असतील तर तेही पाठव, पुढच्या भागात घेऊ. भेटू मंडळी!