अभिरूप न्यायालयाच्या संघात जागा मिळवताना
चोळपुरम्-कुंभकोणम् भागातली मुलगी कायदा शिकायला तंजावरला जावो की पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयात, अभिरूप न्यायालय, म्हणजेच ‘मूट’, तिला चुकत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांत त्याला ३० गुण आहेत. वर्षात तीन खटले लढवायचे. प्रत्येकात ५ गुण लेखी निवेदनाला, ५ तोंडी युक्तिवादाला.

स्पर्धेच्या संघात जागा मिळवणे मात्र वेगळे. त्यासाठी बहुतेक महाविद्यालये आधी अंतर्गत फेरी घेतात. खणखणीत आवाजावर निवड होते, हा समज साफ चुकीचा आहे. परीक्षक मुद्दाम मधेच अडवतात. पाठ केलेले भाषण बाजूला ठेवून नेमके उत्तर देणारा आणि पुन्हा मुद्द्यावर येणारा विद्यार्थी तिथे उजवा ठरतो.

‘मूट’मध्ये साक्षीदार नसतात, वाद फक्त कायद्याचा. ‘मॉक ट्रायल’मध्ये, म्हणजे अभिरूप खटल्यात, मात्र साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो. आपल्याच साक्षीदाराच्या सरतपासणीत वादाच्या मुद्द्यांवर सूचक प्रश्न न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाहीत, उलटतपासणीत येतात. नवखे अडखळतात ते नेमके इथेच.

म्हणून ‘मॉक ट्रायल’च्या निवडीपूर्वी एक दिवस कुंभकोणमच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून खरी उलटतपासणी ऐकावी. खुल्या सुनावणीला सहसा कोणालाही बसता येते.