नागपुरात हमिंगबर्ड? नाही हो, शिंजीर!

पळस फुलायला लागला की ‘आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड आला’ असे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. इवलासा चमकदार पक्षी, बाकदार चोच, फुलातला मध पितोय. मग हमिंगबर्ड का नाही म्हणायचं?

कारण साधं आहे. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. आपल्याकडचा तो जांभळा शिंजीर. तो चिमणी, बुलबुल, दयाळ यांच्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातला. हमिंगबर्डचं जवळचं नातं मात्र पाकोळीशी! म्हणजे त्याचे नातेवाईक नागपुरात आहेत, पण जास्वंदावर नाहीत. जुन्या इमारतींभोवती घिरट्या घालताहेत. शिंजीर आणि हमिंगबर्ड यांच्या वाटा ६ कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या.

आता फरक बघा. हमिंगबर्ड पंख खांद्यातून फिरवून हवेत जणू आडवा आठ काढतो. २००५ साली रूफस हमिंगबर्डवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की त्याला साधारण ७५ टक्के उचल पंख खाली नेताना आणि २५ टक्के वर आणताना मिळते. म्हणून तो एकाच जागी तरंगत पिऊ शकतो. शिंजीरही क्षणभर तरंगतो, पण दमतो लवकर. त्याला फांदीवर बसून पिणंच परवडतं. त्याचे पाय त्यासाठी भक्कम आहेत. हमिंगबर्डला तर नीट चालताही येत नाही.

खरी गंमत जिभेवर आहे. आपल्याला गोड चव कळते ती ज्या जनुकामुळे, त्यातलं एक पक्ष्यांच्या पूर्वजांनीच गमावलं. कोंबडीला साखरेचं काहीच कौतुक नसतं ते त्यामुळे. मग या दोघांना मध गोड कसा लागतो? २०१४ साली कळलं, की हमिंगबर्डमध्ये उमामी चव ओळखणारा ग्राहीच बदलून साखर ओळखू लागला. २०२१ साली गाणाऱ्या पक्ष्यांतही तेच दिसलं. ग्राही तोच, पण त्यातले बदल बरेचसे वेगळ्या ठिकाणचे. दोघांनी एकमेकांची कॉपी केलेली नाही. एकच गणित दोघांनी आपापल्या रीतीने सोडवलं. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. सारखं दिसणं म्हणजे नातं नव्हे, हे इथे लख्ख दिसतं.

‘नावाने काय फरक पडतो?’ असं विचाराल, तर पडतो. हमिंगबर्ड समजून लोक साखरपाण्याची बाटली टांगतात. शिंजीराला हवी जास्वंदासारखी फुलं, बसायला फांदी, पिल्लांना भरवायला किडे आणि घरट्याची लोंबती पिशवी विणायला कोळ्याचं जाळं. पळसाच्या परागीभवनालाही शिंजीर मदत करतो. तेव्हा यंदा बाल्कनी झाडताना कोपऱ्यातलं एखादं जाळं राहू द्या.