वंगणाचा मळ आणि त्याचा बंदोबस्त

आमच्या माण तालुक्यात बैलगाडी मागे पडून मोटारसायकल आली, परंतु वंगण काही सुटले नाही. आजोबांच्या पिढीत गाडीच्या आखाला एरंडेल घालीत. आज साखळीला नव्वद नंबरचे ऑईल आणि बेअरिंगला ग्रीस लागते. वंगण आले की त्यावर धूळ बसणारच, आणि धुळीच्या बाबतीत आपला तालुका कोणाला हार जाणारा नाही. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याने वाडीवस्तीवर जाऊन आलेल्या गाडीची साखळी पाहावी. तेल आणि धूळ मिळून झालेला काळा लगदा सहाणेचे काम करतो व साखळीचे आणि चक्राचे दात झिजवितो. तो काढणे हा नुसता हौसेचा प्रश्न नाही.

मी कला शाखेच्या द्वितीय वर्षात शिकतो आणि सायंकाळी व सुट्टीत दहिवडीतील एका गॅरेजमध्ये हाताखाली काम करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे वर्गातले ज्ञान आणि गॅरेजमधले ज्ञान यांची गाठ माझी मलाच घालावी लागते. हा लेख म्हणजे तसाच एक प्रयत्न होय.

मुळात हा मळ नुसत्या पाण्याने का जात नाही? पाणी आणि तेल यांचे जमत नाही. तेल मात्र तेलात विरघळते. म्हणून रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांनी ग्रीस सुटते, कारण ही सारी खनिज तेलाचीच भावंडे. साबणाची रीत निराळी. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे तेलाकडे. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाभोवती कडे करतात आणि तो थेंब पाण्याबरोबर निघून जातो. आमच्या बोअरचे पाणी जड. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे अंगाच्या साबणाचा फेस होण्याऐवजी चोथा होतो. अशा पाण्यात धुण्याची पावडर बरी. भांडी घासायची राख मात्र येथे फारशी कामाची नाही. राखेतील क्षार खाद्यतेलाचा थोडाबहुत साबण करतो. खनिज तेलाचा साबण होत नाही. गंमत अशी की, ग्रीस म्हणजे साबणानेच धरून ठेवलेले तेल! पुष्कळ ग्रीसमध्ये लिथियमचा साबण असतो आणि तो बनविण्यास लागणारे आम्ल एरंडेलापासून काढतात. म्हणजे आजोबांचे एरंडेल अजून चाकात आहेच.

आता धोक्याविषयी. पेट्रोलने मळ झटकन निघतो, म्हणून हात आधी पेट्रोलच्या डब्याकडे जातो. परंतु पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते. चूल किंवा विडी दहा पावलांवर असली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. रॉकेल आणि डिझेल त्या मानाने सौम्य. त्यांच्या वाफेला पेट घेण्यास साधारण पस्तीस अंशांच्या वरचे तापमान लागते. पण आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशीच्या आसपास जातो, हे विसरून कसे चालेल? म्हणून हे काम सकाळी, मोकळ्या हवेत, सावलीला आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर करावे. जवळ कोरड्या मातीची एक बादली असावी. पेट्रोल पाण्यावर तरंगते, त्यामुळे पाणी ओतल्यास आग विझण्याऐवजी पसरते; माती तिला गुदमरविते. तसेच रॉकेल वा पेट्रोल सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. लहान मूल ते पाणी समजून पिते. असे झाल्यास उलटी करवू नये. तेल फुप्फुसात उतरते आणि तेच जिवावर बेतते. मूल तडक दवाखान्यात न्यावे. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवयही याच कारणाने वाईट.

दुसरा धोका कातडीला. आमचे मिस्त्री वीस वर्षे पेट्रोलने हात धूत आले. हिवाळ्यात त्यांच्या बोटांना भेगा पडतात आणि ठेच्याला भाकरी लावताना ते डोळे मिटून घेतात. पेट्रोल कातडीचे नैसर्गिक तेलच काढून नेते. शिवाय त्यात बेंझिन असते व ते रक्ताच्या कर्करोगास कारण होते. काजळीने चिमणी साफ करणाऱ्यांना कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७५ मध्येच दाखविले होते. पुढे कापडगिरण्यांतील कामगारांत यंत्राच्या तेलाबाबतही तसेच आढळले. मोटारीचे जळके ऑईल याच जातीचे. हे सारे मिस्त्रींना सांगणे सोपे नव्हते. ज्यांनी मला पाना धरायला शिकविले, त्यांना मी काय शिकविणार? एके दिवशी धीर करून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवतात व्हय?" दुसऱ्या दिवशी साबणाशेजारी गोडेतेलाची बाटली आणि कोंड्याचा डबा दिसला. गोडेतेल हाताला चोळावे, ग्रीस सुटते. मग कोंड्याने पुसून साबण लावावा. काम सुरू करण्यापूर्वीच खोबरेल चोळले तर मळ भेगांत शिरत नाही. नायट्राइलचे हातमोजे मिळाल्यास उत्तमच.

प्रत्यक्ष कृती अशी. गाडी मोठ्या स्टँडवर लावावी, किल्ली काढून खिशात घालावी आणि गिअर न्यूट्रलमध्ये आणावा. इंजिन चालू ठेवून फिरत्या साखळीला चिंधी लावणे हा शुद्ध वेडेपणा होय. चिंधी चक्रात ओढली जाते आणि तिच्यामागे बोट. आमच्या शेजारच्या वस्तीवरील एका मुलाने असेच एक पेर गमावले. सायलेन्सरचे तोंड पिशवीने बांधावे. प्रथम वाळलेला मळ लाकडी चिपेने खरवडावा. निम्मे काम येथेच होते. मग वाटीभर रॉकेल किंवा डिझेल घेऊन जुन्या टूथब्रशने साखळी घासावी आणि चाक हाताने फिरवावे. खाली पत्र्याचे पसरट भांडे ठेवावे. ब्रेक आणि टायर यांवर थेंबही जाता कामा नये. ब्रेक तेलकट झाला तर गाडी उतारावर थांबत नाही, आणि टायरचे रबर नासते. इंजिनाच्या बाहेरच्या मळाला पावडरचे पाणी लावून ओल्या फडक्याने पुसावे. कॉस्टिक सोडा वापरू नये. तो अ‍ॅल्युमिनियम खातो. शेवटी सर्व कोरडे करून साखळीला नवे तेल द्यावे व जादा तेल पुसून घ्यावे. साखळी कोरडी सोडली तर ती गंजते, आणि चिंब ठेवली तर धूळ पुन्हा आहेच.

भांड्यात उरलेल्या काळ्या तेलाचे काय करायचे? बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर चमचाभर तेल ओतले, तेव्हा ते सुमारे अर्धा एकर पाण्यावर पसरले, असे त्याने १७७४ मध्ये प्रसिद्ध केले. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे! मग बंधाऱ्याच्या पाण्यात गाडी उभी करून धुणाऱ्याने काय केले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. जळके ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून परवानाधारक जुने तेल घेणाऱ्यापर्यंत पोहोचेल असे पाहावे. ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नये. सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करावा.

या पद्धतीने एका गाडीस एक बादली पाणी पुरते. पाईप लावला तर किती जाते ते कोणी मोजीतही नाही. १९७२ चा दुष्काळ ज्या तालुक्याने सोसला आणि २०१२-१३ मध्ये जनावरांसाठी छावण्या उघडलेल्या पाहिल्या, त्या तालुक्यातील तरुणांना पाण्याची किंमत मी काय सांगावी? गाडी जरूर चकचकीत ठेवावी. मात्र तिचा मळ आपल्या हाताला, घराला किंवा गावाच्या पाण्याला चिकटणार नाही एवढे पाहावे.