मालाचा फोटो आणि दुकानदाराची जबान

आमच्या बीडच्या कापडबाजारात आता बराच सौदा मोबाईलवर होतो. सुरतेचा व्यापारी फोटो पाठवतो, आपण माल पसंत करतो. आपण फोटो पाठवतो, परळी-माजलगावचे गिऱ्हाईक घरबसल्या पसंत करते. कापड हाताला लागण्याआधीच भाव ठरतो. पूर्वी आपण कात्रीने नमुन्याचा तुकडा कापून देत होतो आणि मालात फरक निघाला तर दुकानदाराची अब्रू जायची. आज फरक निघाला की आपण मोबाईलला दोष देऊन मोकळे होतो. हे मला पटत नाही.

गेल्या रमजानमध्ये माझ्या भाच्याने ड्रेस मटेरियलचे फोटो काढून विक्री सुरू केली. मुलगा शिकाऊ. रोज तरावीहनंतर दुकानात बसून फोटो काढायचा आणि ज्याला त्याला विचारायचा, "कसा आला?" सगळे म्हणायचे, "माशाअल्लाह, झकास!" ईदच्या आठ दिवस आधी मोरपंखी रंगाचे सहा सूट परत आले. फोटोत निळा दिसला होता, पार्सलमधून हिरवट निघाला. ऐन ईदच्या तोंडावर सहा घरांत नाराजी आणि कुरिअरचा जाण्यायेण्याचा खर्च अंगावर. तो म्हणाला, "मामू, फोटो तर सगळ्यांनी चांगला म्हटला होता."

"कसा आला?" हा प्रश्नच चुकीचा. विचारणाऱ्याचे मन राखण्यासाठी माणूस चांगलेच म्हणतो. ज्याने कापड पाहिलेले नाही त्याला फोटो दाखवावा आणि विचारावे : रंगाचे नाव सांगा, कापड जाड की पातळ, काठ किती बोटांचा? उत्तरे मालाशी जुळली तर फोटो बरोबर. नाही जुळली तर तो कितीही देखणा असो, बाद. एखाद्या जुन्या शिंप्याला दाखवला तर फारच उत्तम. शिंपी कुणाचे मन राखत नाही.

आता रंग का बदलतो ते पाहू. कॅमेऱ्याला पांढरे काय हे ठाऊक नसते, तो अंदाज बांधतो. ट्यूबलाईट, पिवळा दिवा आणि दिवसाचा उजेड यांची प्रत्येकाची छटा वेगळी. दोन उजेड मिसळले की एकाच कापडाच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसतात. पूर्ण चौकट एकाच रंगाच्या कापडाने भरली तर अंदाज आणखी चुकतो. मोरपंखी, जांभळा, राणी हे रंग तर हटकून दगा देतात. उपाय बिनखर्चाचा आहे. दिवसा, खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी, दुकानातले दिवे बंद करून फोटो काढावा. कापडाच्या कोपऱ्यावर पांढरा कागद ठेवावा. फोटोत कागद पिवळा किंवा निळसर दिसला तर समजावे की कापडाचा रंगही खोटा आहे.

दुसरी अडचण काळ्या आणि पांढऱ्याची. कॅमेरा सगळे मध्यम उजेडाचे करायला बघतो, म्हणून पांढरा लठ्ठा मळकट आणि बुरख्याचे काळे कापड राखाडी दिसते. पडद्यावर कापडाला बोट लावून पांढऱ्यासाठी उजेड थोडा वाढवावा, काळ्यासाठी कमी करावा. फ्लॅश तर वापरूच नये, त्याने जर चमकते आणि पोत मरतो. उजेड बाजूने तिरपा आला की विणकर जसा ताणा-बाणा पाहतो तसा तो फोटोत दिसतो.

मांडणीबद्दल मुले नऊ चौकटींचा नियम सांगतात. निसर्गाच्या फोटोला तो ठीक आहे. कापडाला महत्त्वाचे म्हणजे मोबाईल कापडाला समांतर धरणे, नाहीतर चौकडा वाकडा दिसतो. अगदी जवळ जाऊ नये, कडा ताणल्या जातात. बारीक चौकड्यावर लाटा दिसू लागल्या तर वीतभर मागे-पुढे व्हावे. खाली फुलांची चटई नको, साधी चादर पुरे. एक फोटो पूर्ण कापडाचा, एक काठाचा, एक जवळून टेप ठेवून. कापड हँगरवर टांगावे. माणसाच्या तस्वीरीच्या मसल्यात आलिमांचे मतभेद आहेत, मालाला त्याची गरजही नाही.

ही कला आपल्या मुलखाला परकी नाही. बीड निजामाच्या राज्यात होते तेव्हा सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) होते. 'मुसव्विर जंग' हा किताब त्यांना मिळाला. तेही इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता हे काम शिकले होते.

आता सुधारणेचा मुद्दा. कड कापणे, वाकडे सरळ करणे, कागद पाहून पांढरा रंग दुरुस्त करणे, एवढे जायज समजावे. रंग गडद करणे, फिल्टर लावणे, विणीतला दोष किंवा डाग पुसणे म्हणजे ऐब लपवणे. सहीह मुस्लिममधील धान्याच्या ढिगाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. वर कोरडे, आत ओले, आणि हुजूर (स.) यांनी हात घालून ते बाहेर काढले. हनफी फिकहमध्ये 'खियार-ए-रूयत' आहे : न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क. फोटो पाहणे म्हणजे माल पाहणे होते का, हे मुफ्तीसाहेबांना विचारावे. सरकारी कायदाही तिकडेच जातो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाईन बाजारपेठेवरचा विक्रेता, जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला नकार देऊ शकत नाही.

भाचा आता सकाळी दहाच्या आत फोटो काढतो आणि मूळ फोटो पुसत नाही. मोरपंखी कापडाखाली स्वतःच लिहितो, "उजेडात हिरवट दिसतो." बकरी ईदला दोन सूट परत आले. दोन्ही मापासाठी.