सोन्याचे वासरू आणि त्याचे वारस

बायबलमधील दहा आज्ञांची सुरुवातच मूर्तीच्या निषेधाने होते. एका परमेश्वराशिवाय दुसरा देव मानायचा नाही, कोरीव मूर्ती करायची नाही, तिच्यापुढे नमायचे नाही. खून, चोरी, व्यभिचार यांची मनाई त्यानंतर येते. कॅथलिक आणि लुथरन परंपरा या साऱ्याची मिळून एकच आज्ञा धरतात, कॅल्व्हिनच्या परंपरेतील चर्च दोन धरतात. हा क्रमाचा वाद किरकोळ आहे. महत्त्वाचे आहे ते या आज्ञांच्या आधीचे वाक्य. त्यात परमेश्वर स्वतःची ओळख करून देतो, ती इजिप्तच्या गुलामीतून तुम्हाला सोडवणारा म्हणून.

म्हणजे मनाईचा आधार आहे करार. प्राचीन पश्चिम आशियात सम्राट आणि मांडलिक राजे यांच्यात लेखी तह होत. हित्ती सम्राटांचे असे तह उपलब्ध आहेत. आधी सम्राटाने केलेल्या उपकारांची उजळणी, मग मांडलिकाने दुसऱ्या कोणाशी संधान बांधू नये ही अट, असा त्यांचा साचा. इस्राएलची आज्ञा त्याच साच्यात बसते. इ. स. पू. आठव्या शतकातल्या होशेय या संदेष्ट्याने हेच नाते लग्नाच्या रूपकात मांडले आणि मूर्तिपूजेला व्यभिचार म्हटले. त्याच्या लेखी दोष होता तो दिलेला शब्द मोडण्याचा.

सीनायच्या पायथ्याशी घडलेली वासराची गोष्ट या दृष्टीने वाचली पाहिजे. इस्राएलचा पुढारी मोशे डोंगरावर गेला, लवकर परतेना, लोक अस्वस्थ झाले. तेव्हा त्याचा भाऊ अहरोन याने बायकामुलांच्या कानांतली सोन्याची कुंडले मागवली आणि वासरू घडवले. मग त्याने दवंडी पिटवली ती उद्या परमेश्वराचा उत्सव आहे अशी! कोणा परक्या देवाचे नाव त्याने घेतले नव्हते. लोकांना देव आपलाच हवा होता, फक्त डोळ्यांपुढे, हाताशी आणि आपल्या सोयीने चालणारा. मोशेने ते वासरू जाळले, त्याची पूड केली, पाण्यावर टाकली आणि ते पाणी लोकांना प्यायला लावले.

वासरू मात्र तिथे संपले नाही. शलमोनानंतर राज्य फुटले तेव्हा उत्तरेच्या यरोबामाने बेथेल आणि दान येथे सोन्याची दोन वासरे बसवली. त्याचे कारण बायबल आडपडदा न ठेवता सांगते. लोक यात्रेला दक्षिणेतल्या यरुशलेमला जात राहिले, तर त्यांचे मनही तिकडच्या राजाकडे वळेल, ही धास्ती. गादी टिकवण्यासाठी उभारलेले देवस्थान हा प्रकार इतका जुना आहे.

ही बंदी पाळली जात होती असा समज मात्र करून घेऊ नये. सीनायच्या वाळवंटात कुंतिलेत अज्रुद येथे 1975-76 साली झालेल्या उत्खननात इ. स. पू. 800 च्या सुमाराचे लेख सापडले. त्यांत इस्राएलचा देव याव्हे आणि ‘त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद दिलेला आहे. अशेरा म्हणजे देवी की तिचे प्रतीक, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण संदेष्टे ज्याच्याविरुद्ध गर्जत होते ते शेजारच्या गावात नव्हते, घरातच होते, एवढे त्यावरून दिसते.

यशयाच्या पुस्तकातली थट्टा प्रसिद्ध आहे. सुतार झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, उरलेल्याची मूर्ती करून तिच्याकडे रक्षणाची याचना करतो. थट्टा धारदार आहे, पण एकतर्फीही आहे. बाबिलोनमध्ये मूर्तीचा ‘मुख धुण्याचा’ विधी होता. त्यानंतरच देव तिच्यात वास करतो अशी श्रद्धा होती आणि कारागीर शपथेवर सांगत की ही आम्ही घडवलेली नाही. प्राणप्रतिष्ठा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा भाव सहज कळेल. यशयाच्या पुस्तकाने त्या श्रद्धेचा विचार केलेला नाही. ते बोल होते बाबिलोनच्या दिमाखाने दिपून गेलेल्या, हद्दपारीत खचलेल्या स्वतःच्या माणसांसाठी.

निषेधामागे आणखीही विचार आहेत. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायानुसार देवाची प्रतिमा म्हणजे माणूस, स्त्री आणि पुरुष दोन्ही. तेव्हा दुसरी प्रतिमा हवी कशाला? शिवाय खोटे दैवत बळी मागते. यरुशलेमच्या वेशीबाहेर हिन्नोमच्या खोऱ्यात मुले अग्नीत होमली जात, याबद्दल यिर्मयाने टाहो फोडला आहे.

सगळ्यांत बोलके उदाहरण हिज्कीया राजाचे. वाळवंटात सर्पदंशाने माणसे मरू लागली तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेने पितळी साप केला होता. त्याच्याकडे पाहून लोक वाचले. कित्येक पिढ्यांनंतर लोक त्या सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीयाने त्याचे तुकडे केले. देवाने दिलेली, मोशेने घडवलेली, एकेकाळी उपयोगी पडलेली वस्तूसुद्धा मूर्ती होऊ शकते. बायबलमधील मूर्तीची कल्पना दगडधातूपुरती का राहत नाही, हे या एका गोष्टीवरून कळते.

नव्या करारात ती आणखी आत सरकते. देव आणि धन या दोघांची चाकरी एकदम होत नाही, असे येशू सांगतो. पौलाच्या नावे असलेल्या कलस्सैकरांच्या पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे. त्याच वेळी प्रत्यक्ष मूर्तीचा प्रश्नही जिवावर बेतणारा होता. इ. स. 112 च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी ख्रिस्ती असल्याचा आरोप नाकारणाऱ्यांना सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप आणि मद्य वाहायला लावी. वाहिले की सुटका.

पुढे चर्चच्या हाती सत्ता आली आणि या आज्ञेचा रोखच फिरला. 787 च्या निकियाच्या परिषदेने पवित्र चित्रांना मान देणे आणि देवाची आराधना करणे यांत भेद करून चित्रांना मान्यता दिली. धर्मसुधारणेच्या काळात, 1566 मध्ये, नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. त्यानंतर वर्षभरात, 1567 मध्ये, गोव्यात साष्टीतली देवळे पोर्तुगीजांनी पाडली. शांतादुर्गा आणि मंगेश यांना भक्तांनी फोंड्याकडे हलवले ते त्याच दशकात. संदेष्ट्यांनी स्वतःच्या समाजाविरुद्ध उचललेला हातोडा इथे जेत्यांनी दुसऱ्याच्या देवावर चालवला. याला आज्ञापालन म्हणणे कठीण आहे.

आधुनिक रूपांचा विचार 16व्या शतकातच सुरू झाला होता. मन ज्याच्यावर भिस्त ठेवते तोच माणसाचा खरा देव, असे मार्टिन ल्यूथरने 1529 च्या प्रश्नोत्तरीत मांडले. 20व्या शतकात राष्ट्र आणि नेता यांनी ती जागा घेतली. जर्मन चर्चमधला एक गट हिटलरच्या उदयात देवाचा हात पाहू लागला, तेव्हा मे 1934 मध्ये बार्मेन येथे विरोधकांनी घोषणापत्र काढले. मुख्यतः कार्ल बार्थने लिहिलेल्या त्या मसुद्यात ख्रिस्ताच्या जोडीने दुसरी कोणतीही घटना किंवा सत्ता ईश्वरी साक्षात्कार मानण्यास नकार दिला होता. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ न घेतल्याने पुढच्या वर्षी बार्थची प्राध्यापकी गेली. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पैशाच्या सत्तेला नवे सोन्याचे वासरू म्हटले. माणसाचा विचार न करणारी अर्थव्यवस्था हा त्यांचा रोख होता.

अलीकडच्या प्रवचनांत मोबाइलपासून क्रिकेटपर्यंत सगळ्यालाच मूर्ती म्हणण्याची टूम निघाली आहे. त्याने कल्पना स्वस्त होते. आवड म्हणजे आराधना नव्हे. जिच्यासाठी माणसांचा बळी देणे रास्त वाटू लागते आणि जिला प्रश्न विचारणे हाच गुन्हा ठरतो, ती वस्तू किंवा व्यक्ती बायबलच्या अर्थाने मूर्ती होय. आणि हा इशारा मुळात परक्यांसाठी नव्हता: योहानाच्या पहिल्या पत्राचे शेवटचे वाक्य मूर्तींपासून जपून राहायला सांगते, ते चर्चमधल्याच माणसांना.